उत्क्रांती, रचना आणि गीतेतील अध्यक्ष

पाठ्यश्लोक : अध्याय ९, श्लोक १०

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील दहाव्या श्लोकाचा भावार्थ असा आहे की, भगवंताच्या अध्यक्षतेखाली प्रकृती या चराचर जगताला प्रसवते आणि याच कारणाने जगाचे चक्र फिरत राहते. श्लोक लहान आहे. परंतु त्यात कर्तेपणाची वाटणी फार काटेकोरपणे केलेली आहे. प्रसवते ती प्रकृती. अध्यक्ष तो परमेश्वर. उत्क्रांतिवाद खरा मानल्यास ईश्वराचे काय होते, असा जो प्रश्न आज सुशिक्षित हिंदू घरांत वारंवार उठतो, त्याचे उत्तर या वाटणीत आहे.

प्रश्नाचे स्वरूप

चंडीगड नगराच्या सेक्टर ३२ मध्ये गोस्वामी गणेश दत्त सनातन धर्म महाविद्यालय आहे. पंजाबातील सनातन धर्माच्या एका थोर पुढाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेचा चंडीगडमधील आरंभ १९७३ सालचा. प्रवेशद्वारावर सनातन धर्माचे नाव आहे आणि आत जीवसृष्टीच्या शास्त्राचे अध्यापनही चालते. त्याच सेक्टरमध्ये १९९१ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. रोगजंतू औषधांना कसे दाद देईनासे होतात, याचा विचार केल्याखेरीज अशा कोणत्याही रुग्णालयाचा दिवस सरत नाही. आणि हा विचार म्हणजे उत्क्रांतीचाच विचार होय. नगराच्या ईशान्येस शिवालिकच्या टेकड्या दिसतात. त्या डोंगररांगांच्या पोटात लुप्त झालेल्या प्राण्यांची हाडे दगड होऊन पडलेली आहेत. धर्माचे नाव, वैद्याचा अनुभव आणि भूमीची साक्ष ही तिन्ही येथे एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत.

परंतु जे एका सेक्टरमध्ये सुखाने नांदते, ते एका घरात नांदेलच असे नाही. सकाळी महाविद्यालयात सर्व जीवजाती एका प्राचीन मूळापासून क्रमाने निघाल्या असे शिकलेला विद्यार्थी संध्याकाळी घरच्या गीतापाठास बसतो. वडीलधारे विचारतात, ‘मग आम्ही काय माकडाची संतती?’ विद्यार्थी विचारतो, ‘मग देवाने केले तरी काय?’ दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पण येथे वडिलांनी ‘शास्त्र मानायचे असेल तर जीवशास्त्र सोड’ असा पेच घातला, तर तो मुलगा केव्हा तरी दोहोंपैकी एकाचा त्याग करील; आणि ज्याचा पुरावा तो डोळ्यांनी पाहतो ते तो सोडणार नाही. गीता मात्र सुटेल. म्हणून हा वाद केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाही.

सार्वजनिक जीवनातही तो वेळोवेळी उसळून आला आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भरलेल्या वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे सांगितले. वानराचा मनुष्य होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याची नोंद नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पुढील वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, जालंधर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी नेमकी उलट बाजू घेतली : उत्क्रांती खरी, पण ती आमच्या दशावतारांत आधीच सांगितली आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला, तेव्हा १,८०० हून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी निषेधाचे पत्र प्रसिद्ध केले. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा होता. सारांश, एक पक्ष शास्त्राच्या नावाने विज्ञान नाकारतो आणि दुसरा विज्ञानाच्या नावाने शास्त्राचा अर्थ फिरवितो. गीतेचा अभ्यासक या दोहोंपैकी कोणत्याच पंक्तीत बसू शकत नाही.

उत्क्रांतिवाद काय म्हणतो

ज्याचे खंडन वा मंडन करायचे, ते आधी यथार्थ जाणावे, अशी आपल्या वादपद्धतीची शिस्त आहे. डार्विनचा मुख्य ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ विचार शेतकऱ्याला सहज कळणारा आहे. एका शेतातील ज्वारीची सर्व कणसे सारखी नसतात. शेतकरी भरदार कणीस निवडून बियाण्यासाठी ठेवतो आणि काही पिढ्यांत वाणच बदलतो. डार्विनने म्हटले की, निसर्गातही अशीच निवड होते. मात्र तेथे निवडणारा हात दिसत नाही. प्रत्येक पिढीत थोडा थोडा भेद जन्मतःच असतो; तो संततीत उतरतो; परिस्थितीशी ज्याचा मेळ बसतो त्याची संतती अधिक उरते. लक्षावधी वर्षांत हे लहान भेद साचून नव्या जाती उभ्या राहतात.

रुग्णालयातील उदाहरण याहून निकटचे आहे. कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद-दुसरा असा असतो की ज्याला औषध बाधत नाही. औषधाने बाकीचे मरतात. उरलेल्याची प्रजा वाढते आणि काही काळाने तेच औषध निरुपयोगी होते. म्हणूनच वैद्य औषध उगाच घेऊ नका, असे बजावतात. ‘कोणी पाहिले आहे काय?’ या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते : अल्पायुषी जीवांत ही क्रिया प्रत्यक्ष पाहता येते.

मनुष्याविषयी सांगायचे तर, आजच्या वानराचा आजचा मनुष्य झाला, असे हे शास्त्र म्हणतच नाही. चुलत भाऊ हा आपला बाप नसतो; दोघांचा आजोबा एक असतो. तसे मनुष्य व वानर यांचे पूर्वज फार मागे एक होते, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

या शोधाचा एक अध्याय चंडीगडच्या उत्तरेस, हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात लिहिला गेला. तेथील हरितल्यांगर गावाजवळ १९३२ साली जी. एडवर्ड लुईस या अमेरिकी संशोधकास एका कपिसदृश प्राण्याच्या जबड्याचा तुकडा सापडला. त्याला ‘रामापिथेकस’ असे नाव दिले गेले. १९६० नंतरच्या काळात अनेक विद्वान त्याला मनुष्याचा आद्य पूर्वज मानू लागले आणि पाठ्यपुस्तकांतही ते छापले गेले. पुढे पाकिस्तानातील पोतवार पठारावर त्याच वर्गातील ‘शिवापिथेकस’ या प्राण्याचा चेहरा बऱ्याच अंशी अखंड मिळाला. १९८२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाल्यावर असे दिसून आले की, हा प्राणी मनुष्याच्या नव्हे तर ओरांगउटानच्या कुळाच्या जवळचा आहे आणि ‘रामापिथेकस’ हाही त्याचाच प्रकार आहे. तेव्हा शास्त्रज्ञांनी आपला पूर्वीचा निर्णय सोडून दिला. यावरून कोणी म्हणेल, ‘पाहा, त्यांचे मत बदलते, म्हणून ते खोटे.’ वस्तुतः उलट आहे. अधिक बलवान पुरावा मिळताच दुर्बळ अनुमान सोडणे हा प्रमाणशास्त्राचाच नियम होय. एक कडी चुकीच्या जागी ठेवली गेली होती, ती काढली. साखळी त्यामुळे तुटली नाही.

रचनावादाचा पूर्वपक्ष

उत्क्रांतिवादाच्या विरुद्ध जो पक्ष पाश्चात्त्य देशांत उभा आहे, त्याला बुद्धिपूर्वक-रचनावाद म्हणता येईल. १८०२ साली विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने घड्याळाचा दृष्टान्त दिला : माळावर घड्याळ सापडले तर त्याचा कोणी कर्ता असलाच पाहिजे, मग डोळ्यासारख्या सूक्ष्म यंत्राला कर्ता नसेल कसा? १९९६ मध्ये मायकेल बेही या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने हाच विचार नव्या रूपात मांडला. काही सूक्ष्म जंतूंना पोहण्यासाठी भोवऱ्यासारखी फिरणारी शेपटी असते. तिचा एक भाग काढला तरी ती बंद पडते. तेव्हा ती हळूहळू बनली नसून योजनेने एकदम घडविली गेली असावी, असे ते म्हणतात. इतर शास्त्रज्ञांनी यास उत्तर दिले की, त्या शेपटीच्या भागांशी जुळणारे भाग काही जंतूंत निराळ्याच कामासाठी वापरले जातात. म्हणजे अपुरी रचनाही निरुपयोगी नसते. पेनसिल्व्हानिया राज्यातील डोव्हर गावच्या शाळेत हा रचनावाद शिरवण्यावरून खटला झाला आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जोन्स यांनी निर्णय दिला की, हे विज्ञान नव्हे.

हा वाद परका वाटला तरी त्यातील युक्तिवाद भारतास परका नाही. नैयायिकांनी तो शेकडो वर्षांपूर्वी मांडला होता. घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार लागतो. पृथ्वी, अंकुर इत्यादीही कार्येच आहेत. तेव्हा त्यांनाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे आणि तोच ईश्वर. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जली’त या अनुमानास अत्यंत समर्थ रूप दिले. पेलीच्या घड्याळापुढे आपला घट मुळीच कमी प्रतीचा नाही.

आचार्यांनी केलेली परीक्षा

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या अनुमानावर सर्वांत कठोर आक्षेप भारतातच घेतले गेले. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती विचारतो : वारूळही मातीचेच असते; म्हणून ते कुंभाराने केले असे म्हणाल काय? ज्या प्रकारची वस्तू कर्त्याकडून होताना आपण पाहिली आहे, तेथेच कर्त्याचे अनुमान चालते. कुमारिल भट्ट वेदांचा कट्टर अभिमानी. तथापि सृष्टीचा कर्ता मानण्यास तोही नकार देतो. कुंभाराला देह असतो, साधने असतात, हेतू असतो; सृष्टीपूर्वी हे सारे कोठून आले, असा त्याचा प्रश्न आहे.

याहूनही महत्त्वाचे ते वेदान्ताचार्यांचे मत, कारण ते ईश्वर मानणारे आहेत. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात, केवळ तर्काने सिद्ध केलेल्या आणि द्रव्याहून वेगळ्या असलेल्या निमित्तकारण-ईश्वराचे खंडन आहे. शंकराचार्य तेथे म्हणतात की, असा कर्ता कोणाला उच्च, कोणाला नीच घडवीत असेल, तर त्याला आपल्यासारखेच राग-द्वेष चिकटतील. श्रीरामानुजाचार्यांनी श्रीभाष्याच्या आरंभीच दाखविले आहे की, घटाच्या दृष्टान्तातून निघेल तो देहधारी, मर्यादित, कदाचित अनेकांपैकी एक असा कारागीर, परब्रह्म नव्हे. ईश्वराचे ज्ञान शास्त्रातून व्हावयाचे. अनुमानाच्या शिडीने तेथे चढता येत नाही.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. त्याच पादाच्या आरंभी शंकराचार्य सांख्यांना विचारतात की, घरे-प्रासाद यांची रचना चेतनाशिवाय होत नाही, मग अचेतन प्रधान एकटे जग कसे रचील? हे रचनेचेच प्रमाण नव्हे काय? आहे खरे, परंतु त्याचा रोख जडाला चैतन्याच्या अधिष्ठानाची गरज दाखविण्यावर आहे. प्रत्येक कीटकाचा पंख वेगळा बसविणारा कोणी आहे, असे त्यातून निघत नाही. आचार्यांचे ब्रह्म जगाचे निमित्तही आहे आणि उपादानही आहे. कुंभार मातीहून वेगळा असतो. परब्रह्म जगाहून तसे वेगळे नाही.

गीतेचा निर्णय

आता पाठ्यश्लोकाकडे वळू. आजच्या मराठीत ‘अध्यक्ष’ म्हणजे सभेचे नियमन करणारा आणि कागदांवर सही करणारा. संस्कृतात या शब्दात ‘अक्ष’, म्हणजे डोळा, आहे; ज्याच्या दृष्टीखाली कार्य चालते तो अध्यक्ष. शंकराचार्य या श्लोकावर लिहिताना त्याचे स्वरूप केवळ पाहणे असे सांगतात. तो स्वतः विकार पावत नाही. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी हाच अर्थ मराठीत घरोघर पोहोचविला. त्यांच्या दृष्टान्ताचा भाव असा : नगर राजाने वसविले असे लोक म्हणतात आणि ते खरेही आहे, पण म्हणून राजाचे हात शिणले काय? ज्याने इ. स. १२९० मध्ये असा दृष्टान्त योजला, त्याच्या वारसांना घड्याळजी-ईश्वराची उसनवारी करण्याचे कारण नाही.

सातव्या अध्यायाच्या चौथ्या श्लोकात गीता याहून खोल जाते. तेथे भगवंत आपल्या अपरा प्रकृतीचे आठ भाग मोजतात. पंचमहाभूतांनंतर मन, बुद्धी व अहंकार हेही त्याच यादीत येतात. म्हणजे बुद्धी ही गीतेच्या मते प्रकृतीचाच भाग आहे. मग रचनेत दिसणाऱ्या बुद्धीवरून ज्या योजकाचे अनुमान करायचे, तो फार तर प्रकृतीच्या आतलाच एखादा मोठा बुद्धिमान ठरेल. पुरुषोत्तम तो नव्हे. रचनावादी ज्याला ईश्वराचा गौरव समजतो, तो गीतेच्या मापाने ईश्वराचा संकोच होय.

चौदाव्या अध्यायात भगवंत स्वतःला बीज देणारा पिता म्हणतात. पिता मूल हातोडी-छिन्नीने घडवीत नाही. बीजात सामर्थ्य असते आणि माउलीच्या उदरात ते आपल्या नियमाने वाढते. तेव्हा प्रकृती कोणत्या क्रमाने व कोणत्या नियमाने प्रसवते, हे शोधून काढले म्हणजे अध्यक्ष पदच्युत होतो, ही भीती निराधार आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त डार्विन व हेकेल यांचा विचार कापिल सांख्याच्या शेजारी ठेवून तपासला. साध्यातून विविध पदार्थ क्रमाने प्रकट होतात, हा भाग त्यांनी नाकारला नाही. चैतन्यही जडाचाच गुण आहे, हे हेकेलचे म्हणणे मात्र त्यांनी मान्य केले नाही. अर्थात सांख्यांचा गुणपरिणाम म्हणजे डार्विनची नैसर्गिक निवड नव्हे. दोन्हींत साम्य आहे म्हणून पहिल्याने दुसरे आधीच सांगून ठेवले होते, असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. दशावतारांचेही तसेच. अवताराचे प्रयोजन चौथ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे : साधूंचे रक्षण, दुष्टांचा नाश व धर्माची स्थापना. त्याला प्राणिशास्त्राचा तक्ता बनविल्याने ना भक्ती वाढते, ना ज्ञान.

दोन शंका

पहिली शंका : सोळाव्या अध्यायातील आठव्या श्लोकात जग ईश्वररहित व केवळ कामातून झालेले आहे असे म्हणणाऱ्यांस आसुरी म्हटले आहे, मग उत्क्रांतिवादी आसुरी नव्हेत काय? समाधान : मागचा सातवा व पुढचा नववा श्लोक पाहावा. ज्यांच्या ठायी शौच नाही, आचार नाही, सत्य नाही, जे क्रूर कर्मे करून जगाच्या नाशास प्रवृत्त होतात, त्यांचे ते वर्णन आहे. ईश्वर नाही असे म्हणून जे स्वैराचारास मोकळे होतात त्यांच्यावर गीतेचा हा प्रहार आहे. जीवाश्मावरील माती ब्रशाने झाडीत बसणाऱ्या सत्यशोधकावर नव्हे. मात्र ‘बलवान तोच टिकतो, म्हणून दुर्बळाला तुडवावे’ असा आचारधर्म जे कोणी उत्क्रांतीतून काढतात, त्यांना हे श्लोक तंतोतंत लागू पडतात. निसर्गात काय घडते यावरून मनुष्याने काय करावे हे ठरत नाही. ते बाराव्या अध्यायात, सर्व भूतांविषयी अद्वेष व करुणा सांगणाऱ्या तेराव्या श्लोकात, पाहावे.

दुसरी शंका : उत्क्रांतीने देह, मेंदू व मन यांची उपपत्ती लागली तर आत्मा कशाला हवा? समाधान : तेराव्या अध्यायात देह, इंद्रिये, बुद्धी, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, इतकेच नव्हे तर चेतना व धृती हीसुद्धा क्षेत्रात मोजली आहेत. क्षेत्राचा इतिहास विज्ञानाने कितीही मागे नेला तरी त्याला जाणणारा क्षेत्रज्ञ त्या इतिहासातील एक प्रकरण होत नाही. विज्ञानाने ईश्वर खोटा ठरला, असे म्हणणाराही आपल्या प्रमाणाची सीमा ओलांडतो. एका अंशाला चिकटून तोच पूर्ण मानणाऱ्या ज्ञानास अठराव्या अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकात तामस म्हटले आहे. हा दोष दोन्ही बाजूंना लागू शकतो.

गृहस्थाचे कर्तव्य

अठराव्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी एक निर्णायक गोष्ट सांगितली आहे : शंभर श्रुतींनी अग्नी थंड आहे असे म्हटले तरी ते प्रमाण होणार नाही. प्रत्यक्षाच्या प्रांतात प्रत्यक्ष, शास्त्राच्या प्रांतात शास्त्र. ही मर्यादा पाळणे ही श्रद्धेतील तडजोड नाही. ती आचार्यांनी घालून दिलेली रीत आहे.

तेव्हा घरातील मुलगा वा मुलगी हा प्रश्न घेऊन आली, तर गृहस्थाने रागावू नये आणि ‘हे सर्व आमच्या ग्रंथांत आहेच’ असे सांगून विषय मिटवूही नये. त्यांचे पाठ्यपुस्तक मागून घ्यावे व तो धडा स्वतः वाचावा. मग नवव्या अध्यायाचा दहावा श्लोक उघडून, प्रसवणारी कोण आणि अध्यक्ष कोण, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. सवड मिळाल्यास हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्ह्यात, साकेती येथे १९७४ साली उभारलेले शिवालिक जीवाश्म उद्यान त्यांना दाखवावे. शिवाच्या नावाने ओळखला जाणारा शिवथेरियम, गणेशाच्या नावाने ओळखला जाणारा प्राचीन हत्ती, अशी नावे या टेकड्यांतून निघालेल्या प्राण्यांना मिळाली आहेत. ते दगड हातात घेताना प्रकृती किती दीर्घकाळ, किती धीराने प्रसवत आली आहे, याची जाणीव होते.

पाचव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा व चांडाळ यांच्या ठायी समदृष्टी ठेवणाऱ्यास पंडित म्हटले आहे. ही समता सर्वांमधील एका ब्रह्मावर उभी आहे. देहांच्या नात्यावर नाही. तथापि विज्ञानाने देहांचेही नाते दाखवून दिल्यावर गीता वाचणाऱ्याने खिन्न का व्हावे? वानराशी नाते निघाले म्हणून ज्याला लाज वाटते, त्याने हा श्लोक पुन्हा एकदा सावकाश वाचावा.

अभ्यासासाठी : अध्याय ७ श्लोक ४-५, अध्याय ९ श्लोक ७-१० आणि अध्याय १३ श्लोक १-६ एकत्र वाचावेत. त्यांत प्रकृतीकडे काय सोपविले आहे आणि परमेश्वराकडे काय राखले आहे, याच्या दोन याद्या प्रत्येकाने स्वतः कराव्यात. ‘बुद्धी’ कोणत्या यादीत जाते, हे घरातील सर्वांनी मिळून पाहावे.